पावसात जाऊन काय बघणार म्हणे

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर एका मुलीने साधा प्रश्न विचारला होता. ऑक्टोबरात ट्रक कॅम्पर (पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेलं छोटं घर) भाड्याने घेऊन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक पेनिन्सुलाला जायचा विचार आहे, तिथल्या होह रेनफॉरेस्टमध्ये, म्हणजे पर्जन्यवनात, दोन रात्री राहावं का? तासाभरात तीस-पस्तीस उत्तरं आली आणि सगळ्यांचा सूर एकच. जुलै-ऑगस्टमध्ये जा. ऑक्टोबरात पाऊस असतो, पैसे वाया जातील. हॉटेल घे, होह दिवसात उरकून परत ये. एकाने तर लिहिलं, "दोन तास गाड्यांची रांग आणि पुढे नुसतं शेवाळ. पावसात जाऊन काय बघणार? त्यापेक्षा आपला ताम्हिणी बरा." त्याला धडाधड लाइक. ती पोरगी "थँक्यू, मग कॅन्सल करते" म्हणून मोकळी झाली.

पर्जन्यवन बघायला जायचं आणि पाऊस मात्र नको! कोकणातल्या, मावळातल्या, सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसांनी हे लिहावं याचा मला जास्त राग आला.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी आणि आई तिथे गेलो होतो, अशाच भाड्याच्या ट्रक कॅम्परने. आई चिपळूणची, तेव्हा एकाहत्तर वर्षांची. पहिल्या दिवशी फेरीने पलीकडे उतरून सेक्विमला पोहोचलो तर लख्ख ऊन. तिथे वर्षाला जेमतेम १६ इंच पाऊस पडतो, लोक लॅव्हेंडरची शेती करतात. होहला १४० इंच, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर. मध्ये माउंट ऑलिंपस आणि त्याच्या भोवतीचे डोंगर. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या अंगाला रिकामे होतात, पलीकडे कोरडं. मी हे समजावून सांगायला लागले तर आई म्हणाली, "अगं, म्हणजे हे माण-खटाव आणि आपण जातोय ते महाबळेश्वर." संपलं. भूगोल तिला एका वाक्यात कळला.

दुसऱ्या दिवशी हरिकेन रिज या डोंगरमाथ्यावर ढगात काही म्हणजे काही दिसलं नाही. मान्य, तिथे उन्हाळ्यातच जावं. पुढे लेक क्रेसेंट या तळ्याच्या काठाकाठाने रस्ता वळणं घेत जातो, समोरून लाकडाचे ओंडके लादलेले ट्रक येतात आणि पाठीवर एवढं घर असलं की वळणावर गाडी हेलकावा खाते. माझे हात स्टिअरिंगवर आखडून गेले होते. होहच्या कॅम्पग्राउंडला पोहोचलो तेव्हा चार वाजले होते आणि रिपरिप सुरू झाली होती.

आणि रात्री नऊच्या सुमारास कॅम्पर गळायला लागला. छतावरच्या झडपेच्या कडेचं सीलंट सुटलेलं होतं. भाड्याने देणाऱ्यांना फोन करावा तर तिथे रेंज नाही, आणि नंतर केला तेव्हा "तुम्हीच झडप उघडी ठेवली असेल" असं ऐकून घ्यावं लागलं. पाणी थेट गादीवर पडत होतं. मला रडू यायच्या बेतात होतं. आई काही बोलली नाही. उठली, खिचडीचं पातेलं विसळलं, गादी कोपराने बाजूला सरकवली, पातेलं थेंबाखाली ठेवलं आणि त्यात रुमालाची घडी टाकली, आवाज होऊ नये म्हणून. दोन मिनिटांत काम आटोपलं. असं काम हातांनी वर्षानुवर्षं केलेलं असलं तरच जमतं.

आता माझ्या मुद्द्यावर येते. हॉटेलात राहून ते जंगल बघता येत नाही. होह दिवसाचं नाहीच. हॉल ऑफ मॉसेसची पायवाट पाऊण मैलाची आहे, अर्ध्या तासात फिरून होते, फोटो काढून होतात आणि मग माणूस म्हणतो "नुसतं शेवाळ". त्या शेवाळाच्या गाद्यांबद्दल एक सांगते. १९८१ मध्ये नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ बाईंनी (वडील भारतातले) दाखवून दिलं की इथल्या बिगलीफ मेपलच्या फांद्यांना वरच, उंचावर, मुळं फुटतात आणि ती त्या शेवाळात साठलेल्या मातीत शिरतात. झाड आपल्याच खांद्यावरच्या ओलीतून पोसलं जातं. दोरांनी झाडावर चढून बघितलं त्यांनी ते. आणि आपण खाली उभं राहून स्किप कर म्हणायचं!

तिथे दोनशे फुटांच्या वर गेलेले सिटका स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष आहेत. त्यातला एखादा आडवा झाला की त्याच्या कुजत्या खोडावर हेमलॉकची आणि स्प्रूसची रोपटी रांगेने उगवतात. नर्स लॉग म्हणतात त्याला. शतकांनी खोड मातीत मिसळून जातं आणि वरची झाडं मुळांच्या पायांवर उभी राहतात, खाली बोगदा. ही सगळी पावसाची करणी. कोरड्या ऑगस्टात तेच शेवाळ निस्तेज दिसतं. ऑक्टोबरात ते पाणी पिऊन फुगतं, मेपल पिवळे झालेले असतात, एल्क या मोठ्या हरणांचे नर धुक्यातून शीळ घातल्यासारखे ओरडतात.

त्या रात्रीचं अजून सांगायचं राहिलं. पलीकडच्या जागेवर एकाचा जनरेटर संध्याकाळपासून घुरघुरत होता. त्यांची अडचण असेलही, पण संतापच आला होता. याच होहच्या रानात गॉर्डन हेम्प्टन या ध्वनी टिपणाऱ्या माणसाने २००५ मध्ये एका ओंडक्यावर लहानसा लाल दगड ठेवला, की निदान एवढी एक चौरस इंच जागा माणसाच्या आवाजापासून राखू या. आणि इकडे टीव्ही बघायला जनरेटर. दहाला तो बंद झाला. मग एकदम पाऊस ऐकू आला. पाऊस सरळ छतावर पडत नव्हता, तो आधी पानांवर साठत होता. बारीक सर आणि मध्येच फांदीवरून घरंगळलेले जाड थेंब, टप्प, टप्प. ट्रकच्या टपावरच्या पलंगावर निजलं की छत तोंडापासून दोन-अडीच फुटांवर असतं, पातळ. पावसाच्या इतक्या जवळ कोरडं राहून दुसरं कुठे झोपता येतं मला सांगा. तंबू भिजतो. मोठ्या मोटरहोमना तिथल्या बहुतेक जागा पुरत नाहीत. ट्रकच्या पाठीवरचं घर मात्र झाडांत शिरतं.

सल्लाच द्यायचा होता तर कामाचा द्यायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, ट्रक किती वजन पेलेल ते त्यावर लिहिलेलं असतं, ते वाच. ३० गॅलनची टाकी भरली तर नुसत्या पाण्याचं ११० किलोच्या वर होतं, त्यात गॅस, बॅटरी, माणसं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना हे सगळं मागून ढकलतं. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही. गॅस जळला की वाफ होते, म्हणून खिचडी शिजवताना झडप बोटभर उघडी ठेव, नाहीतर सकाळी गादी खालून ओली लागते. यातलं एक अक्षर त्या पस्तीस जणांनी लिहिलं नाही.

रस्ता वाहून जातो हे खरं आहे. २०२४ च्या डिसेंबरात अप्पर होह रोडचा तुकडाच नदीने नेला. राज्याने पैसे दिले, जवळच्या फोर्क्स गावाच्या आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, मग मे २०२५ मध्ये तो उघडला. तेव्हा निघण्याआधी ऑलिंपिक नॅशनल पार्कची सूचना बघून निघा. आणि तान्हं बाळ असेल तर नका जाऊ, बरं.

लिहिता लिहिता राग उतरला. आता आईच डोळ्यांसमोर येतेय. जनरेटर बंद झाल्यावर मला वाटलं ती झोपली. अंधारात म्हणाली, "पडवीच्या पत्र्यावर असाच वाजायचा." मग बऱ्याच वेळाने, "तुझे बाबा कौलं सारखी करायला वर चढायचे आणि मी खालून सांगायची, इकडे गळतंय, अजून जरा डावीकडे." बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तोवर ती त्यांच्याबद्दल माझ्याशी एवढंही बोलली नव्हती. चिपळूणच्या घरावर आता स्लॅब आहे. "गळत नाही," ती म्हणाली, "पण पाऊस आला ते कळतच नाही गं. खिडकीतून बघावं लागतं."

सकाळी पातेलं अर्धं भरलं होतं. तिने ते मोरीत ओतलं नाही. गमबूट घालून बाहेर गेली आणि नेच्याच्या मुळाशी हळूच रिकामं केलं.

त्या मुलीला मी वेगळा मेसेज टाकलाय, कॅन्सल करू नकोस म्हणून. दोन ताडपत्र्या आणि आईचे गमबूट माझ्या गॅरेजमध्ये आहेत. तिला नको असतील तर तुमच्यापैकी कुणीही घेऊन जा. फक्त १३ ऑक्टोबरच्या आत परत आणा, त्या दिवशी आई येतेय.