पर्मनंट म्हणजे कंपनीचा जावई?

"पर्मनंट केला की कामगार कंपनीचा जावई होतो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. गेल्या आठवड्यात आमच्या दादाने (आत्तेभाऊ, भोसरी एमआयडीसीत स्वतःचं शॉप आहे, सीएनसी टर्निंगची कामं करतो) फॅमिली ग्रुपवर ते परत टाकलं आणि खाली जोडलं की बघा, आता जर्मनीतसुद्धा माणसं काढतायत, युनियन झाली, कायदे झाले, शेवटी मिळालं काय, त्यापेक्षा आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले ते झकास, तीनशेच्या आत कामगार असतील तर माणूस कमी करायला सरकारला विचारायची भानगडच नाही. आणि वर "काय रे स्टुटगार्टकर, खरंय ना?" (मी जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरीला असतो.) दोन आत्या आणि एक मावसभाऊ थम्ब्स-अप टाकून मोकळे. तेव्हापासून डोकं फिरलंय. उत्तर लिहायला घेतलं ते ग्रुपवर मावेना.

आकडे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये १३,००० जागा कमी करायचं जाहीर केलं आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच भागातल्या, फॉयरबाख, श्वीबरडिंगन, वाइब्लिंगन. त्याच्या आधी झेडएफचे (हीसुद्धा गाडीचे पार्ट बनवणारी कंपनी) १४,००० पर्यंत, फोक्सवॅगनचे २०३० पर्यंत ३५,०००. डिझेलचे पंप आणि इंजेक्टर बनवायला जेवढे हात लागायचे तेवढे इलेक्ट्रिक मोटरला लागत नाहीत, चीनमध्ये जर्मन गाडी पूर्वीसारखी खपत नाही, वीज महाग, हे सगळं इथल्या बेकरीतल्या बाईलाही पाठ आहे. पण काढतायत कसे, ते पण बघ ना दादा. फोक्सवॅगनमध्ये महिनोन्महिने घासाघीस झाली, लोक संपावर गेले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जो करार झाला त्यात २०३० पर्यंत कुणालाही जबरदस्तीने काढायचं नाही असं लिहून घेतलं. म्हणजे रिटायर होणारे, आबफिंडुंग (नोकरी सोडल्याची भरपाई) घेऊन स्वतःहून जाणारे, आल्टर्सटाइलत्साइटवाले (रिटायर व्हायच्या आधी कमी वेळ काम करणारे). आमच्याकडेही तेच चाललंय, माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस पैसे घेऊन चालला, त्याने कॅम्पर बुक केलाय आणि रोज मला त्याच्या सोलर पॅनेलचे फोटो दाखवतो.

आणि आपल्याकडे? तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला, ऐन कोविडमध्ये. पुढे चौदाशेच्या आसपास कामगारांना घरी बसवलं, मग आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, प्लांट आधी चिनी ग्रेट वॉलला जाणार म्हणून गाजलं, ते फिसकटलं, शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. जमिनीला गिऱ्हाईक मिळालं, शेडला मिळालं, मशिनरीला मिळालं. कामगार म्हणत होते की प्लांटबरोबर आम्हालाही घ्या. एवढंच मागणं होतं, आणि ते मागणारे जावई का?

बरं, एक गोष्ट मात्र मला स्वतःलाच बोचली. वाद घालायचा म्हणून दोन्हीकडचा कायदा काढून बघितला. आपल्याकडे रिट्रेंचमेंटला सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. जर्मन कायद्यात जो ठोकताळा दिलाय तो दर वर्षामागे अर्धा महिना. म्हणजे कागदावर जवळपास तेच! इतकी वर्षं मी मुंजी-बारशाला येऊन इथल्या कायद्याचे गोडवे गायलेत, आणि हे असं. मग फरक कुठे पडतो? इथे प्रत्यक्षात वाटाघाटीत त्याहून बरंच जास्त मिळतं हा एक भाग, पण खरा फरक मोजण्यात आहे. आपल्याकडे ते १५ दिवस मिळायला आधी रोलवर असावं लागतं. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरतात, म्हणून सात महिने झाले की पोराला ब्रेक. मग ठेकेदार बदलतो, गेटपासचा रंग बदलतो, पोरगं तेच, मशीन तेच. किंवा पोरगंच बदलतं, हे वाले गेले की नांदेडचे येतात, नांदेडचे गेले की बिहारचे. (इथेही लाइआर्बाइटर, म्हणजे एजन्सीमार्फत आलेले कामगार, सगळ्यात आधी जातात, माहितीय मला, ते कोणी कमेंटमध्ये सांगायची गरज नाही. पण त्यांनाही नऊ महिन्यांनंतर बरोबरीचा पगार द्यावा लागतो.)

२०१३ ला बजाजच्या चाकण प्लांटला संप झाला होता, आठवतंय? कामगारांनी एक रुपयाला शेअर मागितले होते. दादाने तेव्हा केवढी टर उडवली होती, "उद्या मालकाची खुर्ची मागतील." दादा, इथे १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीत आउफझिष्ट्सराटच्या (कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या) अर्ध्या खुर्च्या कामगारांच्याच असतात. कोणी हसत नाही. कंपन्या काही त्याने बुडाल्या नाहीत, बुडायला आल्या त्या डिझेलच्या भानगडीने आणि सॉफ्टवेअर न जमल्याने, आणि ते दोन्ही निर्णय कामगारांनी घेतलेले नव्हते.

पण हे सगळं न्यायाचं झालं. दादाला न्याय नको असतो, त्याला रिजेक्शन किती ते सांगा. ठीक आहे, तेच सांगतो, कारण माझी भाकरी त्याच्यावर आहे. मी सप्लायर क्वालिटीला आहे, पुण्याच्या पट्ट्यातले काही सप्लायर माझ्याकडे येतात.

एक हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी असते. त्यात मुख्य बोअर, आणि त्याला आडवं जाणारं एक छोटं होल. जिथे आडवं होल बोअरमध्ये शिरतं तिथे कडेला बर (धातूची बारीक कुसळ) येतो. बाहेरून दिसत नाही, प्लग गेज (होलचं माप तपासायची पिन) आरपार जातो, रिपोर्ट हिरवा. पण तो बर नीट काढला नसेल तर पुढे कधीतरी तुटतो, तेलात फिरतो आणि स्पूल (बोअरमध्ये सरकणारा दांडा) अडकवतो. तो बर काढणं हे हाताचं काम आहे. जास्त घासलं तर कड जाते, कमी घासलं तर बर राहतो. जुना ऑपरेटर मशीनचा आवाज बदलला की काउंटर (किती पीस झाले ते मोजणारा) काय म्हणतोय ते न बघता इन्सर्ट (कापणारं टोक) बदलतो, त्यामुळे मुळात बर येतोच कमी. नवीन पोरगं काउंटर संपेपर्यंत थांबतं, त्याला तेच सांगितलेलं असतं, त्याची काय चूक.

एका सप्लायरकडून अशा बॉड्या यायला लागल्या. आमच्याकडून कंप्लेंट गेली, तिकडून एट-डी (चूक का झाली आणि काय केलं याचा ठरलेला रिपोर्ट) आला. रूट कॉज: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. करेक्टिव्ह अ‍ॅक्शन: ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. सोबत ट्रेनिंगचा अटेंडन्स शीट, ओळीने सह्या, काही मराठीत काही हिंदीत, एकाने नुसतं नाव लिहिलंय मोठ्या अक्षरात शाळेतल्यासारखं. तीन-चार महिन्यांनी परत तोच बर. ऑडिटला गेलो, शीट घेऊन लाइनवर उभा राहिलो, सह्या करणाऱ्यांपैकी फक्त सुपरवायझर सापडला. बाकी सगळे ब्रेकवर. सुपरवायझर बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शिकवतो तोवर जातात हो. मी आता फक्त शिकवायचंच काम करतो."

हे फक्त चाकणचं रडगाणं नाही. बोइंगचं बघा. २००१ सालीच त्यांच्यातल्याच हार्ट-स्मिथ नावाच्या एका इंजिनिअरने पेपर लिहून सांगितलं होतं की इतकं काम बाहेर दिलं तर नफाही बाहेर जातो आणि जोखीम आपल्याकडेच राहते. ऐकलं नाही. ड्रीमलायनरचे भाग जगभरातून मागवले आणि विमान तीन वर्षांहून जास्त उशिरा आलं. २००५ मध्ये विचिटाचा आपलाच कारखाना विकून टाकला, त्याचं स्पिरिट एरोसिस्टिम्स झालं. मग ५ जानेवारी २०२४, अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेलं झाकण) हवेत निघून गेला. विचिटाहून आलेल्या बॉडीतले रिव्हेट दुरुस्त करायला बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात तो प्लग उघडला होता, परत लावताना चार बोल्ट लावलेच नाहीत, उघडल्याची नोंदही नाही. आणि चौकशीत काय निघालं, तर दारं बसवणाऱ्या टीममध्ये असा प्लग आधी उघडलेला एकच माणूस होता आणि तो नेमका सुट्टीवर होता. एक माणूस! पुढे तोच विचिटाचा कारखाना बोइंगने परत विकत घेतला. दादा, तुझा सेटर गावाला लग्नाला जातो तेव्हा तुझं काय होतं ते आठव. तूच सांगतोस ना, की तो नसला की सेटिंगला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. मग त्याला का ठेवलायस तू अठरा वर्षं? त्याला जावई नाही म्हणत तू.

आणि जावयांचा विषय निघालाच आहे तर. माझे बाबा आकुर्डीत एका कंपनीत ग्राइंडिंगला होते. यमुनानगरमधून कंपनीची बस, डब्यात पोळी-भाजी, दिवाळीला बोनस आणि स्टीलचा डबा. बाबा कुठल्याही पत्र्यावरून, भांड्यावरून, लग्नातल्या टेबलाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि फिनिश कसं आहे ते सांगायचे, आईला ते फार खटकायचं. मग व्हीआरएसची लाट आली आणि बाबांनी घेतली. आतोबांनीही घेतली, तुझ्या बाबांनी. माझी इंजिनिअरिंगची फी आणि पहिलं विमानाचं तिकीट बाबांच्या पैशांतून झालं. तुझं पहिलं लेथ, लांडेवाडीतलं ते भाड्याचं शेड, कुठल्या पैशांतून आलं? जावयाच्याच ना? कंत्राटी कामगाराला कोणी व्हीआरएस देत नाही, त्याच्या पोराला लेथ मिळत नाही. आपण दोघंही त्या पर्मनंट नोकरीच्या जिवावर उभे आहोत, फरक इतकाच की मी ते युरोत कबूल करतो आणि तू रुपयांत विसरतोस.

हे लिहिताना छान वाटलं. पण मग मंगळवारी टाउनहॉल झाला आणि स्लाइडवर पुण्याचं नाव आलं, "बेस्ट कॉस्ट लोकेशन", नकाशावर एक हिरवा ठिपका. आमच्या कामाचा काही भाग हिंजवडीला जाणार. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या, वाईट नजरेने नाही हं, चांगले लोक आहेत, काफेक्युशेत (ऑफिसातल्या कॉफीच्या खोलीत) एकजण म्हणालाही की तुझ्या गावाला काम मिळतंय, तुला आनंद झाला असेल. झाला होता. खरंच झाला, आत कुठेतरी भारत-ऑस्ट्रेलिया मॅचसारखं झालं. आणि दुसऱ्याच मिनिटाला मी मनातल्या मनात हिशोब करत होतो की हे काम गेल्यावर माझ्या टेबलावर नक्की काय उरतं. माझा एक भाचा हिंजवडीत अशाच कामाला आहे. उद्या नॉलेज ट्रान्सफरच्या कॉलवर "हाय मामा" ऐकू आलं तर मला नवल वाटणार नाही.

इथल्या बेट्रीब्सराटच्या (कामगारांनी निवडलेल्या समितीच्या) पत्रकात लिहिलंय की काम भारतात जातंय, आणि मी त्या पत्रकाच्या बाजूने सही करणारा आयगे मेटाल या युनियनचा मेंबर. तिकडे ग्रुपवर मी स्टुटगार्टकर. निडरलासुंग (कायम राहायचा परवाना) मिळालीय, पासपोर्ट अजून निळाच आहे, इथला घेतला तर तो परत द्यावा लागेल म्हणून फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये पडलाय. दादा म्हणतो तुला काय, तू बाहेरून बोलतोस. कलीग म्हणतात तुला काय, तू परत जाऊ शकतोस. दोघांनाही वाटतं मला दुसरं दार आहे.

दादाला हे सगळं फोनवर ऐकवलं, निम्मं तरी. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "पटलं. मग असं कर, जॉबमागे दोन रुपये वाढवून दे, उद्या पाचही पोरं पर्मनंट करतो. तुमचे लोक दरवर्षी कॉस्ट डाउन मागतात, पेमेंट नव्वद दिवसांनी देतात, आणि वर मला सांगतात माणसं टिकवा." मी म्हटलं तू आम्हाला कुठे सप्लाय करतोस. म्हणाला, "तुम्हाला नाही, पण तुमच्यासारख्यांनाच देतो ना?"

म्हणून कांटीनेमध्ये पर्चेसच्या माणसाला विचारलं, की सप्लायरने ऑपरेटर टिकवले तर त्याला दरात काही धरता येईल का, रिजेक्शन कमी होईल, आपलाच फायदा आहे. त्याने माउलटाशन खाता खाता नीट विचार केला, टाळलं नाही त्याने. म्हणाला, कॉस्टिंगच्या शीटमध्ये मटेरियल आहे, मशीन अवर आहे, लेबर आहे, स्क्रॅप आहे, यासाठी कॉलमच नाही. आणि तसंही पुणं आता महाग व्हायला लागलंय, मोरोक्कोहून कोटेशन मागवलंय.

हे दादाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणणार, बघ, म्हणूनच म्हणतो पर्मनंट नको. त्यावर माझं उत्तर तयार आहे, पण ते वर लिहिलंय तेच आहे, आणि ते त्याने एकदा ऐकलंय.