एक स्टारच्या अभिप्रायाला गॅरेजमालकाचं उत्तर: ०.४ बारचा बूस्ट ०.८५ आम्ही केला नव्हता

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. घरची माणसं सोबत असताना चोरला घाटात गाडी अडकली, त्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहे. फोन उचलला गेला नाही, त्याचंही वाईट वाटतं. पण बाकीचं जे लिहिलंत ते तसंच सोडून देता येत नाही. ते वाचून गेल्या आठवड्यात खानापूरच्या एका गिऱ्हाईकानं ठरलेलं काम रद्द केलं, आणि माझ्याकडं मच्छे नि पिरनवाडीची पोरं याच कामावर घर चालवतात.

तुम्ही लिहिलंत, "स्टॉक इंजिनाला टर्बो बसवून दिला, १ लाख ६५ हजार घेतले, चार महिन्यांत निळा धूर आणि तिसरा पिस्टन गेला. चांगलं इंजिन यांनी बिघडवलं, आता हे लोक हात वर करतात. बेळगावात असली कामं देऊ नका, सरळ पुण्याला जा."

पैशाचं आधी आटोपतो. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, २.५ बारचा मॅप सेन्सर, ऑइलच्या लाइनी, क्लच आणि ट्यूनिंग, सगळं बिलात वेगवेगळं लिहिलंय. बिल तुमच्याकडं आहे. त्यावर मला जास्त बोलायचं नाही.

मला लागलं ते "चांगलं इंजिन बिघडवलं" हे.

तुमची गाडी १.२ लिटरची, बिनटर्बोची, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा नसलेली. कॉम्प्रेशन रेशो ११:१, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अकराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबलं जातं. हे इंजिन बनवणाऱ्यांनी टर्बो डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही, हे मी पहिल्याच दिवशी तुम्हाला बाकड्यावर बसवून सांगितलं होतं. कंपनीतून टर्बो घेऊन येणाऱ्या पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन बहुतेक वेळा कमी असतं, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जास्त ताकदीचे असतात, बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालच्या बाजूला ऑइलची पिचकारी मारणारे जेट असतात. तुमच्या इंजिनात यातलं काहीच नाही. त्यात जी थोडीफार ताकद शिलकीत असते तेवढीच आपल्याला वापरता येते. ती शिल्लक किती, यावरच टर्बो टिकणार की नाही हे ठरतं. "टर्बो लावला की इंजिन जातंच" म्हणणारे चुकीचं बोलतात, आणि "काही होत नाही, बिनधास्त पळवा" म्हणणारे त्याहून चुकीचं.

म्हणून मी बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब, ०.४ बारच्या वर न्यायला नकार दिला. तुम्ही तेव्हा ०.८ मागितला होता. आठवत असेल, त्यावरून आपलं अर्धा तास चाललं होतं. ०.४ बार म्हणजे सिलिंडरमध्ये साधारण दीडपटीच्या आतच हवा. तेवढ्यासाठी आम्ही इग्निशन टायमिंग मागं घेतलं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं, एक नंबर थंड प्लग घातले, त्यांचा गॅप कमी केला, फुल लोडला मिश्रण श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जरा जास्त असलेलं, ठेवलं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही जातं, पण इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन द्यावं लागतं, म्हणून इंजेक्टर मोठे घेतले. हायवेला काकतीच्या पुढं वंटमुरी घाटात हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड मीटर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन ट्यूनिंग केलं. तुम्ही स्वतः शेजारी बसला होता. गाडी ०.४ वर सरळ, स्वच्छ ओढत होती. तुम्हीच "मामा, एवढं बास झालं" म्हणालात.

गाडी टोइंगवरून आली तेव्हा काय दिसलं, ते तुमच्यासमोरच दाखवलं होतं, पण अभिप्रायात त्याचा एक शब्द नाही, म्हणून इथं लिहितो. टर्बोचा बूस्ट ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारी झडप म्हणजे वेस्टगेट; टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून ती झडप उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला जी बारीक रबरी नळी जाते, ती मधेच कापून तिथं पितळेचा एक व्हॉल्व्ह बसवलेला होता. आमच्याकडचा नव्हे. असला व्हॉल्व्ह नळीतला दाब थोडा बाहेर सोडतो, वेस्टगेटला खरा दाब कळतच नाही, ते उशिरा उघडतं आणि बूस्ट वर जातो. दुसरं, ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, फाइल आमची नव्हती. आमच्या फाइलमध्ये बूस्ट ०.५ च्या वर गेला की पेट्रोल बंद होण्याची सोय होती. ती काढून टाकलेली होती. त्याच फाइलच्या रेकॉर्डमध्ये ०.८५ बार दिसतो. हे कुणी केलं मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण ते आम्ही केलेलं नाही.

०.४ ची ०.८५ म्हणजे आकड्यात थोडकं वाटतं, म्हणून काय घडतं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. सिलिंडरमध्ये जाणारी हवा आमच्या सेटिंगपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं वाढते. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असेल तर ०.४ वर टर्बोतून ती साधारण ८० अंशांना बाहेर पडते, ०.८५ वर सव्वाशेच्या आसपास. छोट्या इंटरकूलरला ती थंड करायला समोरून वारा लागतो. मे महिन्यात, एसी लावून, पाच माणसं बसवून, गोव्याच्या बाजूनं चोरला चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कुठला वारा मिळणार? इंजेक्टर शेवटच्या टोकाला पोचतात, पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं. वर ११:१ चं कॉम्प्रेशन. मग स्पार्कच्या वेळेनं जळण्याऐवजी उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्यालाच आम्ही नॉकिंग म्हणतो. पिस्टनवर हातोड्याचे घाव बसावेत तसं ते बसतं, आणि पहिल्या नि दुसऱ्या रिंगमधली पट्टी तुटते. तुमच्या तिसऱ्या पिस्टनची नेमकी तीच पट्टी तुटली आहे. त्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सलिनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत. बाकीच्या तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १७० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्याचं ६०. निळा धूर आला तो तिथून वर चढलेल्या ऑइलचा. तुम्ही लिहिलंत तसं टर्बोचं सील गेलेलं नाही. टर्बोचा शाफ्ट आजही हातानं मोकळा फिरतो, त्याला खेळ नाही.

हा धडा आजचा नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो असलेली गाडी आली होती. कॉम्प्रेशन १०.२५:१. नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीत भरावं लागायचं. लोक ती भरायचे नाहीत, तक्रारी वाढल्या, कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून टाकावे लागले आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपलं नाही, ते मी उद्यमबागेतल्या शेडमध्ये "गॅरंटीनं" करून देतो असं कधीच म्हटलं नाही. "स्टॉकइतकीच टिकेल" हे वाक्य तुमच्या अभिप्रायात आहे, माझ्या तोंडी नव्हतं. मी म्हणालो होतो, बूस्टला हात लावू नका, ५,००० किलोमीटरला सिंथेटिक ऑइल बदला, घाट चढून आलात की बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, आणि १,००० किलोमीटरला तपासायला आणा. तपासायला गाडी आली नाही. आली असती तर तो व्हॉल्व्ह तेव्हाच दिसला असता. वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळवावं लागतं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांचा, प्रश्न येतो, हे सगळं जॉबकार्डवर आहे आणि खाली तुमची सही आहे.

पुण्याचं म्हणाल तर तिथं चांगले कारागीर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ज्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधून देशभरच्या वाहनांचे पार्ट जातात, तिथल्या हाताला काम कळत नाही हे ऐकून घेणं जड जातं. गॅरेजमध्ये तुम्ही मला मामा म्हणत होता. इथं "हे लोक" झालो. त्या दिवशी आमच्या पोरावर तुम्ही जे ओरडलात ते तर मी विसरूनही गेलो होतो.

इथून पुढं टर्बोच्या कामाचं बोलणं आणखी स्पष्ट लेखी देऊ. अ‍ॅक्च्युएटरच्या नळीला आणि ईसीयूला सील लावायचंही बघतोय. फोनचंही काहीतरी करतो; इंजिन उघडलेलं असताना हात ऑइलचे असतात आणि फोन वाजत राहतो, पण तो गिऱ्हाईकाचा दोष नाही.

पिस्टन, प्लग, तो पितळी व्हॉल्व्ह आणि रेकॉर्डची छापील प्रत जपून ठेवली आहे. तुमच्या विश्वासाचा कुठलाही मेकॅनिक घेऊन या, निपाणीचा आणा, पुण्याचा आणा, सगळं समोर ठेवतो. मी म्हटलं होतं ते अजूनही म्हणतो, पार्टचे पैसे द्या, मजुरी नको. ०.८ च पाहिजे असेल तर फोर्ज्ड पिस्टन, चांगले रॉड आणि कमी कॉम्प्रेशन घेऊनच करू, त्याचा खर्च वेगळा. ०.४ वर समाधान असेल तर साध्या पिस्टननं भागेल. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत, त्यामुळं ब्लॉक बोरिंगला पाठवून ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतील. ते मागवायला वेळ लागतो, म्हणून काय ठरवलंत ते या आठवड्यात कळवा.