अमेरिका आली असती तर म्हणे आपलं सोनं झालं असतं!

आमच्या अप्पांची सकाळ साडेपाचला सुरू होते. आधी चहा, मग फॉरवर्ड. मी ते एरवी उघडतही नाही. पण गेल्या रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. तो एमपीएससीची तयारी करतोय. म्हणाला, "मामा, आजोबांनी एक पाठवलंय, भारी मुद्दा आहे. निबंधात टाकू?" मग मात्र उघडावंच लागलं.

मथळा होता, ‘इंग्रजांऐवजी अमेरिका आली असती तर?’ सार थोडक्यात असं: अमेरिकेने जगात कुठेही वसाहत केली नाही. फिलिपिन्स तिने २ कोटी डॉलर रोख मोजून स्पेनच्या तावडीतून सोडवला. तिथल्या जनतेने हारतुरे घालून स्वागत केलं. चार डाकू होते, त्यांचा बंदोबस्त झाला. शाळा, रस्ते, दवाखाने दिले. कारण तेव्हा अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसारखे सुधारक सत्तेवर होते, बड्या कंपन्यांना वेसण घालणारे, आणि असली माणसं दुसऱ्याला गुलाम करत नसतात. शेवटी १९४६ मध्ये आपणहून स्वातंत्र्य देऊन घरी गेले. खाली हात जोडल्याच्या तीन खुणा, आणि त्याखाली अप्पांनी स्वतः टाइप केलेलं वाक्य: ‘आपलं नशीबच फुटकं.’

अप्पांशी वाद घालून उपयोग नाही हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. पण पोरगं हे परीक्षेत लिहून येणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

कुठेही वसाहत केली नाही, हे आधी निकालात काढू. स्पेनशी युद्ध झालं त्या एकट्या १८९८ सालात अमेरिकेने हवाई, पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स पदरात पाडून घेतले. हवाईत राणी होती, लिलिउओकलानी. तिला १८९३ मध्येच अमेरिकी मळेवाल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गादीवरून उतरवलं होतं, आणि त्याबद्दल अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये रीतसर ठराव करून माफी मागितली आहे. पोर्तो रिकोत राहणारा माणूस अमेरिकेचा नागरिक असतो, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याला आजही मत नाही. याला वसाहत म्हणायचं नसेल तर अप्पांनीच शब्द सुचवावा. क्यूबाला ‘स्वतंत्र’ केलं तेसुद्धा १९०१ ची प्लॅट दुरुस्ती त्यांच्या राज्यघटनेत घालायला लावून. वाटेल तेव्हा हस्तक्षेप करायचा हक्क तिने अमेरिकेला दिला. ग्वांतानामोचा तळ त्यातूनच आला, तो अजून तिथेच आहे.

आता ते २ कोटी. पैसे दिले हे खरं आहे, पण ते दिले कुणाला? स्पेनला. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसला तह झाला, तेव्हा फिलिपिनो प्रतिनिधी फेलिपे आगोनसिल्यो युरोपात दारं ठोठावत फिरत होता. त्याला बैठकीत पाऊलही ठेवू दिलं नाही. फिलिपिनो क्रांतिकारकांचा पुढारी एमिलिओ आगिनाल्दो याने १२ जून १८९८ लाच कावितमध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. मनिला शहर सोडलं तर लुझोन बेटाचा बहुतेक मुलूख स्पेनच्या हातून निसटलेला होता. म्हणजे भाडेकरूला घराबाहेर काढत आणलेलं असताना त्याच भाडेकरूकडून तिसऱ्यानेच घराचं खरेदीखत करून घेतलं. १९०३ च्या शिरगणतीत तिथली लोकसंख्या ७६ लाखांच्या आसपास भरली. हिशेब करा, माणशी जेमतेम अडीच डॉलर पडले. आपल्याकडे बैल याहून महाग असेल.

आणि मनिला कसं ‘जिंकलं’ तेही ऐका. १३ ऑगस्ट १८९८ ला झाली ती लुटुपुटूची लढाई. स्पॅनिश गव्हर्नरशी आधीच ठरलं होतं की थोडे बार काढायचे, मग पांढरं निशाण लावायचं. अट एकच, फिलिपिनो फौज शहरात येता कामा नये. ज्यांनी वेढा घातला ते वेशीबाहेर, आणि नाटक संपल्यावर वर झेंडा अमेरिकेचा.

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती ‘चार डाकू’ या शब्दांनी.

४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाच्या वेशीवर अमेरिकी पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि लढाई पेटली. दोन दिवसांनी सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला, लागणाऱ्या दोन तृतीयांशापेक्षा एकच मत जास्त. पुढची तीन वर्षं जे चाललं त्याचे आकडे मी कुणा डाव्या प्राध्यापकाकडून घेत नाही. खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा इतिहास विभाग लिहितो: ४,२०० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले, २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले, आणि हिंसा, उपासमार व रोगराई यांनी मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा २ लाखांपर्यंत जातो. डाकू पकडायला गेलेल्या फौजेची ४,२०० माणसं मरतात का हो?

आकड्यांनी भाच्याला फरक पडेना. मग त्याला इगबारासची गोष्ट सांगितली. पानाय बेटावरचं गाव. २७ नोव्हेंबर १९०० ला तिथे अमेरिकी तुकडी शिरली. गावाचा प्रमुख एआल्दामा याने बंडखोरांना निरोप पाठवला का, एवढंच त्यांना काढून घ्यायचं होतं. गावातल्या चर्चलगतच्या मठात पाण्याची टाकी होती. तिच्या तोटीखाली त्याला उताणं पाडलं, चार-पाच जणांनी हातपाय दाबून धरले, जबडा उघडा ठेवला आणि तोटी सोडली. पोट फुगलं की दाबून पाणी बाहेर काढायचं आणि पुन्हा सोडायचं. तो बोलला. मग बाहेर नेऊन पुन्हा तेच. या खेपेला टाकीऐवजी पिचकारी होती आणि पाण्यात मूठभर मीठ टाकलं होतं. त्यानंतर गाव पेटवून दिलं. या प्रकाराचं सैनिकांच्या बोलीतलं नाव होतं ‘पाण्याचा उपचार’. आपण कुस्तीत एखाद्याला ‘पाणी पाजलं’ म्हणतो, इथे ते शब्दशः पाजत होते.

हे मला कुठून कळलं? सिनेटच्या फिलिपिन्स समितीसमोर एप्रिल १९०२ मध्ये चार्ल्स रायली या अमेरिकी सार्जंटने शपथेवर सांगितलं, आणि ते छापील आहे. त्याच समितीपुढे फेब्रुवारीत विल्यम टाफ्ट येऊन गेला होता. तो तेव्हा फिलिपिन्सचा मुलकी गव्हर्नर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. क्रौर्य घडलं आहे, मारायला नको होती अशी माणसं मारली गेली आहेत, आणि पाणी पाजण्याचे काही प्रसंगही झाले आहेत, असं त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. इगबारासच्या त्या प्रकाराचा हुकूम देणारा कॅप्टन एडविन ग्लेन याच्यावर लष्करी खटला झाला. शिक्षा? एक महिना निलंबन आणि ५० डॉलर दंड. पुढे तो जनरल झाला.

समार बेटावर तर आणखी वर. २८ सप्टेंबर १९०१ ला बालांगिगा गावात लोकांनी अमेरिकी छावणीवर हल्ला करून ४८ सैनिक मारले. चर्चची घंटा वाजली होती, ती इशारत होती असं सांगतात. सूड घ्यायला जनरल जेकब स्मिथ गेला. त्याने तोंडी हुकूम दिला: कैदी नकोत, मारा आणि जाळा. हाताखालच्या मेजर वॉलरने विचारलं, वयाची मर्यादा काय? स्मिथ म्हणाला, दहा वर्षं. वॉलरने तो हुकूम शब्दशः पाळला नाही, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. स्मिथवर खटला चालला, त्याला समज देण्यात आली, आणि रूझवेल्टने त्याला सक्तीने निवृत्त केलं. संपलं. फॉरवर्डमधला सुधारक तो हाच.

आणि बातांगास प्रांत! डिसेंबर १९०१ मध्ये जनरल बेलने हुकूम काढला की नाताळपर्यंत सगळ्यांनी ठरवून दिलेल्या हद्दीत येऊन राहायचं. बाहेर राहिलेलं धान्य-गुरं नष्ट. क्यूबात स्पॅनिश जनरल वायलरने लोकांना असंच कोंडलं म्हणून अमेरिकी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं होतं, त्याच संतापावर १८९८ चं युद्ध पेटलं होतं. तीन वर्षांत तोच मंत्र ह्यांच्या तोंडी. १९०२ च्या कॉलऱ्यात मनिलामध्ये रोगाच्या नावाखाली गरिबांच्या झावळ्यांच्या झोपड्या जाळल्या. १८९७ च्या पुण्यातली प्लेगची झडती ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते त्यांना हे वेगळं समजावून द्यायला नको.

‘डाकू’ हा शब्द आला कुठून तेही सांगतो. युद्ध संपल्याचं रूझवेल्टने ४ जुलै १९०२ ला जाहीर केलं. मग जे लढत राहिले त्यांचं काय करायचं? त्याच वर्षी नोव्हेंबरात दरोडेखोरीचा कायदा आला आणि हत्यारबंद बंड म्हणजे दरोडा ठरला. माकारिओ साकाय हा त्या कायद्याखाली १९०७ मध्ये फासावर गेला. उमाजी नाईक आणि वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजांच्या कागदांत काय म्हणायचे, अप्पा? तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं.

आता ‘सुधारक दुसऱ्याला गुलाम करत नसतात’. हे वाक्य छान आहे, फक्त खोटं आहे. इंडियानाचा सिनेटर आल्बर्ट बेव्हरिज घ्या. कत्तलखान्यांवर सरकारी तपासणी आणणारं १९०६ चं मांस-तपासणीचं कलम त्याने मांडलं. बालमजुरीविरुद्ध देशव्यापी कायद्यासाठी तो झगडला. १९१२ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषण त्याचंच. आणि हाच माणूस ९ जानेवारी १९०० ला सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला होता की फिलिपिन्स कायमचे आमचे आहेत, आणि त्यांच्या पलीकडे चीनची अथांग बाजारपेठ आहे. त्याला यात विसंगती वाटत नव्हती. शिकागोच्या गलिच्छ कारखान्याला शिस्त लावायची तशीच ‘मागासलेल्या’ लोकांनाही लावायची; दोन्हीकडे साहेबाला सगळं कळतं, समोरच्याला विचारायची गरज नाही. रूझवेल्टने नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरला, कोळसा खाणीच्या संपात मालकांना वाटाघाटीला बसवलं, हे सगळं खरं आहे आणि चांगलंच आहे. त्याने समारमध्ये जळालेलं एक घर उभं राहत नाही.

जाता जाता, ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ वाहायला सांगणारी किपलिंगची कविता आपण सवयीने इंग्रजांच्या खात्यावर टाकतो. गृहस्थ जन्माने मुंबईकर, म्हणून असेल. पण १८९९ च्या फेब्रुवारीत ती छापली गेली ती अमेरिकेला उद्देशून, फिलिपिन्सचं ओझं खांद्यावर घ्या म्हणून. तिथे विरोध झाला नाही असं नाही. १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यविरोधी लीग निघाली, मार्क ट्वेन तिचा उपाध्यक्ष होता. अर्थात विरोध करणाऱ्यांतल्या कित्येकांना फिलिपिनोंचं प्रेम नव्हतं, ‘असले लोक आपल्यात नकोत’ एवढीच तक्रार होती.

शाळांचं मान्य करतो, नाइलाजाने का होईना. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाचं जहाज मनिलाला लागलं, त्यातून ५०० च्या आसपास अमेरिकी शिक्षक उतरले आणि गावोगाव गेले. काही तिथेच रोगाने मेले. सरकारी प्राथमिक शिक्षण इंग्रजांनी आपल्याकडे दिलं त्यापेक्षा झपाट्याने पसरलं. १९०७ मध्ये निवडून आलेली विधानसभाही बसली, आपल्याकडे मोर्ले-मिंटो सुधारणांचे तुकडे १९०९ मध्ये पडले. मताचा हक्क मात्र मालमत्ता असलेल्यांना किंवा इंग्रजी-स्पॅनिश येणाऱ्यांना किंवा जुन्या अधिकाऱ्यांना, म्हणजे मूठभरांनाच. आणि शाळेची भाषा इंग्रजी. तरी हा मुद्दा फॉरवर्डवाल्याला दिला, घ्या.

‘आपणहून दिलं’ हे मात्र देत नाही. १९३४ च्या कायद्यात दहा वर्षांनी स्वातंत्र्य ठरलं, त्यामागे महामंदीत होरपळलेले अमेरिकी साखरवाले आणि कामगार संघटना होत्या. फिलिपिन्सची स्वस्त साखर आणि स्वस्त मजूर दोन्ही त्यांना बाहेर हवे होते. त्याच कायद्याने फिलिपिनोंना अमेरिकेत यायची मर्यादा घातली, वर्षाला ५० माणसं. १९४६ ला झेंडा उतरला, पण व्यापार कायद्याने तिथली खाणी-जंगलं अमेरिकी लोकांना फिलिपिनोंच्या बरोबरीने खुली ठेवली, आणि १९४७ च्या करारात लष्करी तळ ९९ वर्षांसाठी लिहून घेतले. ती मुदत पुढे कमी झाली, पण सुबिकचा तळ रिकामा व्हायला १९९२ उजाडलं.

हे सगळं मी अप्पांना वाचून दाखवलं. इगबारासपर्यंत ते चष्मा पुसत होते, बेव्हरिजला त्यांनी जांभई दिली. शेवटी एवढंच विचारलं, "त्या गावच्या घंटेचं काय झालं रे?"

म्हटलं, एक नाही, तीन होत्या. फौजेने विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन वायोमिंगच्या हवाई तळावर टांगलेल्या, एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकी छावणीत. बालांगिगाला परत आल्या डिसेंबर २०१८ मध्ये.

"म्हणजे मी रिटायर झाल्यावर," अप्पा म्हणाले, आणि भाच्याला फोन लावा म्हणाले.