मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमचं कलेक्शन घ्यायचं का? टोकियोतून माझं मत

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच वाद रंगलाय. कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये मार्व्हलच्या सुपरहिरोंचे जुने मारामारीचे आर्केड गेम एकत्र करून कलेक्शन काढलं, सात गेम, किंमत ५० डॉलर, ते घ्यायचं की नाही. पुण्या-नाशिकच्या मित्रांचं म्हणणं असं की हे सगळं एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर फुकटात चालतं, आणि व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळायचो तेव्हा तरी कॅपकॉमला कुठे पैसे जायचे, बोर्ड डुप्लिकेटच तर असायचे. बाकीचे एक-दोघं म्हणतात लहानपणाची आठवण म्हणून घेऊन टाका. मला दोन्ही पटत नाही. समोर खेळायला माणूस असेल तर नक्की घ्या, नसेल तर अजिबात घेऊ नका.

एम्युलेटरवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. यातले बरेच गेम ज्यावर चालायचे त्या कॅपकॉमच्या सीपीएस-२ या आर्केड मशीनच्या बोर्डवर एक बॅटरी असायची, ती संपली की आतली एन्क्रिप्शनची की, म्हणजे गेम उघडायची गुप्त किल्ली पुसली जायची आणि चांगला धडधाकट बोर्ड बंद पडायचा. ते गेम टिकले ते हौशी लोकांनी ते एन्क्रिप्शन फोडलं म्हणून. कंपनीने काय केलं, तर याच कलेक्शनमधला मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ हा ५६ कॅरेक्टर्सचा गेम २०१३ च्या शेवटी ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला, आणि पुढची दहा वर्षं सरळ पैसे देऊन घ्यायची तयारी असली तरी तो कन्सोलच्या स्टोअरवर मिळत नव्हता. त्यामुळे फुकट खेळणाऱ्यांना चोर म्हणणं मला जमत नाही.

पण इथे जपानमध्ये राहून एक गोष्ट रोज दिसते, ती तिकडच्या वादात येतच नाही. इथल्या गेम सेंटरमध्ये एक डाव अजूनही बहुतेक ठिकाणी १०० येनलाच. विजेचं बिल वाढलं, विक्रीकर १९८९ मध्ये ३ टक्के होता तो २०१९ मध्ये १० टक्के झाला, पण मशीन एकच नाणं घेतं, मग मालक भाव वाढवणार कसा. सेगासारख्या कंपनीने आपली सगळी सेंटर्स विकून टाकली. टोकियोतल्या ताकादानोबाबा भागातल्या मिकाडो या गेम सेंटरसारख्या ठिकाणी जाऊन बघा, दोन मशीन पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात, समोरचा माणूस दिसतच नाही, फक्त त्याच्या स्टिकचा खटखट आवाज येतो, हरलात की मुकाट्याने उठायचं किंवा आणखी एक नाणं टाकायचं. आपल्याकडे एकाच मशीनला खांद्याला खांदा लावून, मागे चार जण सल्ले देतायत अशी पद्धत. पण दोन्हीकडे गेम जिवंत होता तो समोरच्या माणसामुळे. एकट्याने कॉम्प्युटरला हरवायला हे गेम घेतले तर दोन दिवसात कंटाळा येईल, खरंच सांगतो.

म्हणून माझ्यासाठी यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑनलाइनला रोलबॅक आहे. जुन्या पद्धतीत तुमचं बटण समोरच्याकडे पोचेपर्यंत दोघांचाही गेम थांबून राहायचा. रोलबॅकमध्ये गेम अंदाज बांधून पुढे चालू राहतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन पटकन दुरुस्त करतो, हे सगळं सेकंदाला ६० फ्रेममध्ये, त्यामुळे टोकियो-पुणे एवढ्या अंतरावर थोडे झटके बसले तरी कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, लागतो. फाइटकेड या जुने गेम ऑनलाइन खेळायच्या प्लॅटफॉर्मवर हेच फुकट आहे असं कोणीतरी म्हणेलच, आणि ते बरोबरच आहे, कसलेले लोक तिथेच खेळतात. पण ज्याला ऑफिस, ईएमआय, पोरांचा अभ्यास सगळं सांभाळून अर्धा तास मिळतो तो रॉम (गेमची फाइल) शोधत आणि सेटिंग करत बसणार नाही. इथे चालू केलं की खेळ सुरू. हाताला सवय राहिली नसेल तर एका बटणावर स्पेशल मूव्ह मारायची सोय आहे, ट्रेनिंग मोडमध्ये हिटबॉक्स, म्हणजे फटका कुठे लागतो त्या चौकटी, दिसतात. शिवाय १९९३ चा पनिशर हा गेम आहे, दोघांनी मिळून गुंडांना धुवायचा, आणि याची मूळ आर्केड आवृत्ती याआधी घरी खेळायला कधी आलीच नव्हती.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. रिलीज झालं तेव्हा अख्ख्या कलेक्शनला मिळून एकच क्विक सेव्ह (खेळ मध्येच जपून ठेवायची जागा) होता, एका गेमचा सेव्ह केला की दुसऱ्याचा गेला, ५० डॉलर घेऊन असं करणं बरोबर नाही. आणि क्रॉसप्ले नाही, म्हणजे एकाने प्लेस्टेशनवर घेतला आणि दुसऱ्याने स्विचवर तर दोघांचे पैसे वाया. याचं आधी ठरवा, मग कार्ड काढा.

सेलची वाट बघायची तर बघा, पण मार्व्हलच्या लायसन्सवरचे गेम एकदा गायब झालेत हे लक्षात ठेवून फार वर्षं नको. ग्रुपला माझं सांगणं एवढंच, सगळ्यांनी स्टीमवरच (कॉम्प्युटरसाठीच्या गेम स्टोअरवर) घ्या, आणि शनिवारी संध्याकाळी तुमच्या साडेसातला या, इकडे तेव्हा रात्रीचे अकरा असतात, मला चालतंय.