गद्दारी, गादी आणि जमीन: फोकास-स्क्लेरॉस लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दहाव्या शतकातल्या बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्यातले दोन बडे सेनापती, बार्दास फोकास आणि बार्दास स्क्लेरॉस, यांच्या बंडांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे. तुमचं म्हणणं असं की, बेसिल दुसरा हा कायदेशीर बायझंटाइन सम्राट गादीवर असताना ज्यांनी तलवार उपसली ते सरळसरळ गद्दार. त्यांना ‘दावेदार’ म्हणणं म्हणजे पापावर पांघरूण घालणं. शिवाय या दोघांनी साम्राज्य आपसात वाटून घेण्याचा करार केला होता, तो मी गाळला. आणि म्हाताऱ्या स्क्लेरॉसने बेसिलला केलेला उपदेश मी खरा धरून चाललो, पण तो लिहून ठेवणारा इतिहासकार प्सेलोस तेव्हा जन्मलाही नव्हता.

कराराबद्दल तुमचं बरोबर आहे. ९८७ मध्ये स्क्लेरॉस बगदादच्या कैदेतून सुटून परत आला, त्याच वर्षी फोकासने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, आणि दोघांमध्ये ठरलं की राजधानी फोकासची, अँटिओक आणि त्या बाजूचा पूर्वेकडचा मुलूख स्क्लेरॉसचा. या घराण्यांना राज्य फोडायचं नव्हतं, मिळवायचं होतं, असं मी लेखात ठासून लिहिलं होतं. त्या विधानाला हा करार आडवा येतो, आणि मी तो टाळून पुढे गेलो. असं करायला नको होतं. मूळ लेखात तो परिच्छेद आता घातला आहे.

पण त्या कराराचं पुढे काय झालं हेही बघा. फोकासने स्क्लेरॉसला भेटीला बोलावलं, त्याच्या अंगावरची राजचिन्हं उतरवली आणि त्याला किल्ल्यात डांबलं. अर्धं राज्य त्याला नको होतं. राजधानी कॉन्स्टँटिनोपल हातात नसेल तर बाकीच्या मुलखाला अर्थ नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अर्थ का नाही, याचं उत्तर इटलीहून वकील म्हणून आलेल्या लिउटप्रांडने ९५० साली डोळ्यांनी पाहिलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, म्हणजे पाम संडेच्या, अगोदरच्या आठवड्यात सम्राट स्वतः दरबाऱ्यांना वर्षाचा पगार वाटत असे. लांबलचक टेबलावर सोन्याच्या नाण्यांच्या थैल्या मांडलेल्या, प्रत्येक थैलीवर आकडा घातलेला. मानाप्रमाणे एकेकाचं नाव पुकारलं जाई. पहिल्याला थैल्या हातात दिल्या नाहीत, खांद्यावर ठेवल्या. त्यानंतर सैन्याचा आणि आरमाराचा सेनापती आले. त्यांना इतकं मिळालं की ते खांद्यावर पेलवेना, माणसं हाताशी घेऊन ओढत न्यावं लागलं. फोकास घराण्यातली माणसं सेनापतिपदावर पिढ्यान् पिढ्या होती. पण पद आणि किताब बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे; दोन्ही सम्राटाने द्यायचे, सम्राटाने काढून घ्यायचे. आशिया मायनरमधल्या कॅपाडोशियात त्यांची कितीही जमीन असली तरी मान, पगार आणि फौजेचा हुकूम राजधानीतूनच यायचा. म्हणून या घराण्यांची नजर सतत राजवाड्याकडे असे.

आता ‘गद्दार’ या शब्दाकडे येतो. तो मी मुद्दामच वापरला नव्हता. बायझंटाइन राज्यात गादी कोणाकडे जावी याचा लेखी नियम नव्हता. सैन्य, सिनेट आणि शहरातले लोक ज्याचा जयजयकार करतील आणि पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचा प्रमुख, ज्याच्या डोक्यावर मुकुट ठेवेल तो सम्राट. बेसिलच्या घराण्याचा मूळपुरुष, बेसिल पहिला, शेतकऱ्याच्या घरात जन्मला आणि ८६७ मध्ये आपल्याच आश्रयदात्या सम्राटाचा खून करून गादीवर बसला. दुसऱ्या बेसिलच्या लहानपणीच बघा. ९६३ मध्ये वडील वारले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. बार्दासचा चुलता निकेफोरस फोकास फौज घेऊन आला, सम्राट झाला आणि त्याने बेसिल आणि त्याचा धाकटा भाऊ कॉन्स्टंटाइन यांच्या आईशी लग्न केलं. ९६९ मध्ये त्याचा सख्खा भाचा जॉन त्झिमिस्केस याने त्याला मारलं आणि तो सम्राट झाला. दोघांनीही त्या मुलांचा मुकुट काढला नाही. तेरा वर्षं राज्य असंच चाललं, आणि फौजेने त्या काळात मोठे विजय मिळवले. ९७६ च्या जानेवारीत त्झिमिस्केस वारला तेव्हा बेसिल अठरा वर्षांचा होता आणि त्याने एकही लढाई जिंकलेली नव्हती. त्झिमिस्केसचा मेहुणा स्क्लेरॉस पूर्वेच्या फौजांचा सेनापती होता. आता आपली पाळी, असं त्याला वाटलं यात मला नवल वाटत नाही.

लोकांच्या मनात या राजवंशाबद्दल माया नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. १०४२ मध्ये मायकेल पाचवा या रीतसर मुकुट घातलेल्या सम्राटाने बेसिलची पुतणी झोई हिला राजधानीबाहेर काढलं, तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं आणि त्यालाच गादीवरून ओढून आंधळं केलं. पण ती माया होती, कायदा नव्हता. आणि कायदा नसेल तर ‘गद्दार’ हा शब्द फक्त हरलेल्याच्या कपाळी चिकटतो.

शिवाय ही सगळी माणसं एकमेकांच्या घरातली. स्क्लेरॉसच्या भावाची बायको ही फोकासची सख्खी बहीण. ९७० मध्ये फोकासने बंड केलं ते मोडायला पाठवलं स्क्लेरॉसला, आणि फोकासला संन्यास देऊन खिऑस बेटावर ठेवलं. नंतर स्क्लेरॉसने बंड केलं, ते मोडण्यासाठी त्याच फोकासला मठातून काढून फौज दिली. ९७९ च्या लढाईत दोघे घोड्यांवरून समोरासमोर भिडले आणि स्क्लेरॉस जखमी होऊन बगदादकडे पळाला. व्याही-सोयऱ्यांची ही भांडणं शत्रूशी केलेल्या फितुरीच्या मापाने मोजता येत नाहीत.

प्सेलोसचा जन्म १०१८ च्या आसपासचा आणि फोकास मेल्यावर स्क्लेरॉस बेसिलला शरण आला ती भेट ९८९ च्या सुमाराची, त्यामुळे उपदेशातले शब्द जसेच्या तसे धरू नयेत हे मला मान्य. त्या प्रसंगातलं एक दृश्य मात्र मी सोडणार नाही. स्क्लेरॉस थकलेला, उंच, जड देहाचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरून आणलेला. अंगावरची राजचिन्हं त्याने काढली होती, पण पायात सम्राटाचे लाल जोडे तसेच होते. तंबूत बसलेल्या बेसिलने ते लांबूनच पाहिले आणि डोळे मिटून घेतले. साध्या माणसासारखा येईल तरच बघेन म्हणाला. स्क्लेरॉसने दारातच जोडे उतरवले. मग बेसिल उठला, त्याने म्हाताऱ्याला जवळ घेतलं, पेल्यातला घोट आधी स्वतः घेतला आणि पेला त्याच्या हातात दिला, म्हणजे विषाची शंका नको. स्क्लेरॉसला मोठा किताब मिळाला. आधी क्रिसोपोलिसला पकडलेल्या देल्फिनासला, फोकासच्या सेनानीला, याच बेसिलने सुळावर दिलं होतं, त्यामुळे ही दयाळूपणाची गोष्ट नाही. दावा सोडला की माणूस पुन्हा दरबारात बसू शकतो, ही त्या काळची समजूत त्यात दिसते. सांगणाऱ्याने जोडे लक्षात ठेवले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुमचा राग ज्या घराण्यांवर आहे त्यांच्यावर माझाही आहे, फक्त वेगळ्या गुन्ह्यासाठी. तो गुन्हा जमिनीचा. दुष्काळ, कर्ज, सारा यांत सापडलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी या ‘प्रबळ’ लोकांनी गिळल्या. बेसिलच्या ९९६ च्या कायद्यात फोकास आणि मालेइनोस घराण्यांची नावं घेऊन म्हटलं आहे की शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांनी लाटलेली जमीन उपभोगली. चाळीस वर्षं ताबा असला की हक्क सिद्ध, ही पळवाट त्याने बंद केली. फिलोकालेस नावाच्या माणसाची हकीकत त्याच कायद्यात आहे: साधा गावकरी, दरबारात चढत गेला आणि सबंध गाव घशात घातलं. बेसिल तिथून जाताना त्याला हे कळलं. त्याने फिलोकालेसचा वाडा जमीनदोस्त केला, जमीन गावाला परत दिली आणि त्याला पुन्हा साधा गावकरी केलं. पुढे १००२ च्या सुमाराला त्याने ठरवलं की गरीब शेजाऱ्याचा थकलेला सारा प्रबळांनी भरायचा.

हा नियम कोणी मोडला बघा. बेसिल १०२५ मध्ये वारला, त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन १०२८ मध्ये. मरता मरता त्याने रोमानोस आर्गीरोसला आपल्या मुलीशी, झोईशी, लग्न करायला लावलं; रोमानोसच्या पहिल्या बायकोला त्यासाठी मठात जावं लागलं. आर्गीरोस हे याच जुन्या जमीनदार घराण्यांपैकी. रोमानोसने कोणावर तलवार उपसली नाही, कोणाशी बंडाचा करार केला नाही. रीतसर लग्न झालं, रीतसर मुकुट घातला गेला, आणि गादीवर बसताच त्याने प्रबळांवरचा तो सारा रद्द केला.