‘एका ओळीत होतं, लायब्ररी कशाला?’

डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. सारांश असा: वापरकर्त्याने टाइप केलेला फॉर्म्युला चालवायला मॅथजेएससारखी (गणिती सूत्रं वाचून सोडवणारी) तयार कोडची लायब्ररी म्हणजे फुकटचं ओझं. जावास्क्रिप्टचं न्यू फंक्शन वापरा (ते दिलेल्या मजकुराचाच चालणारा कोड बनवतं), एका ओळीत काम. कोड त्याच्याच ब्राउझरमध्ये चालतो, मग भीती कसली? फार तर रेजेक्स, म्हणजे कुठली अक्षरं चालतील ते तपासणारा नमुना, लावा. शिवाय हेच जास्त वेगवान.

वेगाचं आधी मान्य करून टाकतो, कारण ते खरं आहे. ब्राउझरचं इंजिन स्वतः कंपाइल केलेलं फंक्शन लायब्ररीपेक्षा भरभर चालवतं. पण फॉर्म्युला एकदा पार्स करून (म्हणजे वाचून, तुकडे पाडून) ठेवता येतो, आणि दोनशे जणांचा पगार काढताना उरलेला फरक कुणाला जाणवतही नाही.

‘त्याच्याच ब्राउझरमध्ये’ हे मात्र साफ चूक. फॉर्म्युला लिहितो एक आणि चालवतो दुसरा. शाखेतला क्लार्क ‘बेसिक + महागाई भत्ता’ असं काहीतरी सेव्ह करतो, ते डेटाबेसमध्ये जातं, आणि महिनाअखेरीस अकाउंट्सच्या मॅडम ‘पगार काढा’ दाबतात तेव्हा ते त्यांच्या लॉगिनमध्ये चालतं. फॉर्म्युल्यात क्लार्कने काय दडवलंय, ते मॅडमच्या अधिकारांनिशी धावणार. न्यू फंक्शनला आजूबाजूचे लोकल व्हेरिएबल दिसत नाहीत, एवढं खरं. पण फेच (बाहेर डेटा पाठवायचं साधन), लोकल स्टोरेज (ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा), अख्खं पान हे सगळं ग्लोबल म्हणून हाताशी असतंच. सर्व्हरवर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) हेच केलंत तर प्रोसेस ऑब्जेक्टही मिळतो, म्हणजे एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवलेले पासवर्डसुद्धा. (‘मग नोडचं, कोड वेगळ्या संदर्भात चालवणारं व्हीएम मॉड्यूल वापरू’ म्हणणाऱ्यांसाठी: ते सुरक्षेचं साधन नाही, असं नोडच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय.) आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कुठला कोड चालू द्यायचा याचे नियम) नीट लावलेली असेल तर ही एक ओळ चालायला ‘अनसेफ-इव्हॅल’ची, म्हणजे मजकुरातून कोड चालवायची, परवानगी द्यावी लागते. एका कॅल्क्युलेटरपायी अख्ख्या पानाच्या दाराची कडी काढायची.

आता रेजेक्स. फक्त आकडे, गोल कंस, स्वल्पविराम आणि गणिती चिन्हं येऊ दिली, तर बाहेरचा कोड घुसणार नाही, हे कबूल. पण उत्तर? १,२५,५००*२ टाका. अडीच लाखांच्या वर अपेक्षित, मिळतात १०००. जावास्क्रिप्टला स्वल्पविराम हा ऑपरेटर वाटतो, आणि ती शेवटचाच तुकडा धरते. १,००,०५० चे तर ४० होतात, कारण स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचे कडक नियम) नसेल तर शून्याने सुरू होणारा ०५० ती अष्टमान पद्धतीने (५ गुणिले ८) वाचते. २^३ म्हणजे आठ नव्हे, १. ते चिन्ह तिथे घाताचं नाहीच. कुठेही एरर नाही, लाल अक्षर नाही, चुकीचा आकडा गुपचूप पगारपत्रकात. मॅथजेएस पहिल्या दोन्हींवर अडते आणि तिसऱ्याचं ८ देते. (इथे मराठी आकडे छापलेत. पेटीत हेच टाइप केलेत तर जावास्क्रिप्ट सिंटॅक्स एरर देते. तेवढी तरी ती प्रामाणिक.)

शिवाय खऱ्या फॉर्म्युल्याला नावं लागतात, म्हणजे अक्षरं सोडावी लागतात. मग काही जण धोकादायक शब्दांची यादी करून ते अडवतात. पण चौकोनी कंस, गोल कंस, उद्गारचिन्ह आणि अधिक या सहा चिन्हांत कुठलाही जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिता येतो. यादीतला एकही शब्द वापरावा लागत नाही. अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कच्या टीमने एक्स्प्रेशनभोवती सँडबॉक्स (कोडला बाहेर जाऊ न देणारं कुंपण) बांधला होता; लोक तो पुन्हा पुन्हा फोडत राहिले, आणि २०१६ मध्ये १.६ आवृत्तीत त्यांनी तो काढूनच टाकला. पूर्णवेळ टीमला जे जमलं नाही, ते आपल्या दीड ओळीच्या रेजेक्सला जमेल?

वेग सोडला तर मेसेजवाल्यांची बाजू एकाच ठिकाणी उरते: लायब्ररी टाकली म्हणून झोपता येत नाही. २०२५ मध्ये एक्स्प्र-इव्हॅल या फॉर्म्युले सोडवणाऱ्या लोकप्रिय लायब्ररीत भोक सापडलं. व्हेरिएबलच्या ऑब्जेक्टमधून फंक्शन आत सरकवलं की ती ते चालवायची. म्हणून मी आत फक्त आकडे आणि स्ट्रिंग पाठवतो, पूर्ण ऑब्जेक्ट कधीच नाही. मॅथजेएसमधली इम्पोर्ट, क्रिएटयुनिट, इव्हॅल्युएट, पार्स ही फंक्शन्स वापरकर्त्यासाठी बंद करतो. आणि फॉर्म्युल्याच्या लांबीला मर्यादा घालतो. सगळं मिळून वीसेक ओळी होतात, एक नाही.