‘बारीक दिसताय’ हे आमच्या रिसेप्शनवर कुणी म्हणायलाच नको होतं

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, आमचं क्लिनिक खाण्याशी जोडलेल्या मानसिक त्रासांवर (ईटिंग डिसऑर्डर) उपचार करतं, आणि तुम्ही लिहिलंय की आल्या आल्या रिसेप्शनवर ‘अरे वा, बारीक दिसताय’ ऐकावं लागलं, वजनकाट्यावर पाठ करून उभं केलं आणि आकडाही सांगितला नाही, तीन सेशन नुसतं काय खाल्लं कधी खाल्लं यातच गेले, लहानपणी जे झालं ते बोलायला गेलं की ‘त्यावर नंतर येऊ’, आणि वर ब्लड टेस्ट, ईसीजी म्हणजे पैसे उकळायचे धंदे.

कोण आमच्याकडे येतं आणि कोण येत नाही यावर मी इथे हो किंवा नाही काहीच म्हणू शकत नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणे गुप्तता हा येणाऱ्याचा हक्क आहे, आणि कायदा नसता तरी मी बोलले नसते. म्हणून फक्त आमच्या कामाबद्दल लिहिते.

आधी ते ‘बारीक दिसताय’. डेस्कवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, हो मॅडम, मी बऱ्याच जणांना म्हणते, त्यांना बरं वाटावं म्हणून. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आपल्याकडे लग्नाकार्यात कुणी भेटलं की बारीक झालीस गं नाहीतर सुटलीस गं याशिवाय गप्पाच सुरू होत नाहीत. पण आमच्या दारातून आत येणारं माणूस कदाचित दोन दिवस नुसत्या काळ्या कॉफीवर काढून आलेलं असतं आणि त्याला ते वाक्य शाबासकीसारखं लागतं, म्हणजे आत बसून तासभर जी गाठ सोडवायची ती बाहेर दोन सेकंदात आणखी घट्ट करून ठेवली आम्ही. यात चूक माझी आहे. थेरपिस्टना सगळं ट्रेनिंग दिलं आणि डेस्कवरच्या मुलीला, चहा आणणाऱ्या मावशींना कधी बसवून सांगितलंच नाही. आज सांगितलं. कुणाच्याही शरीराबद्दल, चांगलं असो वा वाईट, एक शब्दही नाही. त्या वाक्याबद्दल मनापासून माफी मागते.

वजनाचं पण तुमचं बरोबर आहे. सुरुवातीला आकडा न दाखवायची पद्धत आम्ही ठेवली कारण पाव किलो इकडेतिकडे झालं तरी काहींचा अख्खा दिवस जातो, रात्रीचं जेवण बंद होतं. उलट ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या सीबीटी-ई मध्ये, म्हणजे याच त्रासांसाठीच्या बोलून करायच्या थेरपीत, थेरपिस्ट आणि पेशंट दोघं मिळून आकडा बघतात आणि त्यावर बोलतात. दोन्हीमागे विचार आहे, पण ज्या माणसाच्या शरीराबाबत एकदा त्याला न विचारता काहीतरी घडलेलं आहे त्याला कारण न सांगता ‘वळा आणि उभ्या रहा’ म्हणणं हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही. आता आधी विचारू: बघायचंय, नाही बघायचं, की आज वजनच नको.

खाण्यापासून सुरुवात का करतो, यावर मात्र मी ठाम आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला होता, त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्या पोरांना आधी कसलाच मानसिक त्रास नव्हता, पण काही आठवड्यांत ती चिडचिडी, उदास झाली, डोक्यात सतत अन्न, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. म्हणजे उपाशी शरीर मनाचं हे असं करतं. अशा अवस्थेत जुनी जखम उघडली तर ती झेलायला ताकदच नसते. आणि कितीतरी जणांसाठी न खाणं, किंवा रात्री सगळे झोपल्यावर फ्रीजसमोर उभं राहून खाणं, हाच ती आठवण सुन्न करायचा एकमेव उपाय असतो, त्यामुळे आठवण वर आली की दुसऱ्या दिवशी तेच दुप्पट होतं. आपल्याकडे तर हे लपतंही छान, सोमवार, चतुर्थी, एकादशी, घरचे कौतुकच करतात. म्हणून आधी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त गॅप नको, एवढीच साधी गोष्ट धरून बसतो. खाणं आणि जुनी जखम, दोन्हीवर बरोबरीने काम करणारेही चांगले थेरपिस्ट आहेत, ज्यांना तसं हवंय त्यांनी जरूर तसं शोधावं.

पण ‘नंतर येऊ’ हे दोन शब्द वाचून मला झोप लागली नाही. वीस वीस वर्षं गिळलेली गोष्ट माणूस ओठापर्यंत आणतो आणि समोरची व्यक्ती वहीत डाळ किती वाट्या ते लिहितेय. आधी म्हणायला हवं होतं की मी ऐकलं, माझा तुमच्यावर विश्वास आहे, हे इथून कुठे जाणार नाही, तपशिलात कधी जायचं ते तुम्ही ठरवा.

टेस्टबद्दल. वारंवार उलट्या होत असतील तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, वजनही कमी असेलच असं नाही. फार दिवस उपाशी राहून एकदम खायला लागलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक खाली येऊ शकतं. ते बघितल्याशिवाय ‘खायला लागा’ म्हणणं मला जमणार नाही. पण टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये, तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे करा, आम्ही कुठल्याही लॅबकडून एक रुपया घेत नाही. हे कारण कागदावर लिहून आधीच हातात द्यायला पाहिजे होतं, आता देतोय.

तुम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं असेल तर फाइलची कॉपी आणि समरी कुणालाही मागता येते, त्याचे पैसे लागत नाहीत. परत बोलावंसं वाटलं तर डेस्कवर फक्त ‘रिव्ह्यूबद्दल’ एवढंच म्हणा, नाव नको, फोन मी घेईन. मधल्या काळात चक्कर, छातीत धडधड असं काही झालं तर आमची वाट बघू नका, सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा, आणि रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो, मराठीतही बोलतात.